तोमे कोणाच्याही गाडीत चढते

१२ ऑक्टोबर, हिउरा

श्री. शिगेहारु यांस,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायची रीत आहे. थंडी पडू लागली आहे. दुसरी ओळ तुम्ही मनाने घाला.

तुमची पोस्टकार्डं पोचली. पाच आठवड्यांत तीन. तिन्हींत मिळून माझं नाव तीनदा आहे, पत्त्यावर. बाकी सगळं तोमेबद्दल. जंताची गोळी एक तारखेला दे, कान बघ, पंजांच्या मधले केस काप. सत्तावीस वर्षांच्या संसारात माझे कान कोणी बघितल्याचं आठवत नाही.

शिकोकू जातीची अस्सल शिकारी कुत्री आता सगळ्या देशात मोजकीच उरली आहेत, हे तुम्ही मला लग्नाच्या आठवड्यापासून ऐकवत आलात. ती मोजकी का उरली ते मला या पाच आठवड्यांत कळलं. तुम्ही गेल्यावर नऊ दिवस ही बाई जेवली नाही. भात ठेवला, बोनितो माशाची डोकी उकडून ठेवली, शेवटी मी माझ्या ताटातलं हरणाचं मांस ठेवलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिच्या घरी भाड्याने राहते. दहाव्या दिवशी तुमचं शिकारीचं जाकीट धुवायला काढलं तर तिने शेपूट हलवली. म्हणून आता रोज सकाळ-संध्याकाळ मी ते घामट जाकीट घालून तिच्यासमोर उभी राहते आणि ती जेवते. शेजारच्या बायका बघतात. मी त्यांना म्हणाले, यंदाची फॅशन आहे.

ओकाबायाशीसान रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात. जत्रेच्या बैठकीत तुम्ही त्यांच्या अंगावर साके दारू ओतलीत तो सदरा त्यांच्या बायकोने दोनदा धुतला म्हणे. चाळीस वर्षं तुमच्याबरोबर एका डोंगरात शिकार केलेला माणूस. असो. तुमचा बंदुकीचा परवाना कोणामुळे गेला याची चौकशी मला करायची नाही. गेला तो गेला.

अमागासाकीला वन्संच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुत्रं चालत नाही, मान्य. पण रुसलेला नवरा चालतो, हे फुसाकोवन्संनी कुठल्या नियमात बसवलं ते विचारून कळवा.

नोबुए

४ नोव्हेंबर

श्री. शिगेहारु यांस,

चौथं पोस्टकार्ड मिळालं. ‘तोमेला ओकाबायाशीच्या गाडीत चढू द्यायचं नाही’ या वाक्याखाली तुम्ही तीन रेघा मारल्यात. तिसरी मारताना कागद फाटला आहे.

तुमचा हिशोब मला पाठ आहे. पोलिसांच्या पत्रात लिहिलं होतं की बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे परवानाधारकाखेरीज दुसऱ्यालाही माहीत असल्याचं आढळलं, म्हणून परवाना रद्द. किल्ली चहाच्या डब्यात. ती काढताना बाहेरच्या माणसांपैकी एकट्या ओकाबायाशीसाननी बघितलेलं. म्हणजे चुगली त्यांचीच. आणि घरातलं कोणी बोलणार नाही, कारण ‘बायकोला मी पढवून ठेवलंय’. हे तुम्ही भर बैठकीत म्हणालात. मी तेव्हा मागे मासे वाढत होते.

पढवलं होतंत, खरं आहे. पोलीस विचारतील तेव्हा म्हणायचं, किल्लीचं मला काही ठाऊक नाही. शिकाऱ्याची प्रत्येक बायको हेच म्हणते. घरातली सुई कुठे आहे ते सांगेल, पण चार फुटी कपाटाची किल्ली विचारली की ती एकदम पाहुणी होते.

काल युझूची लिंबं तोडत होते, तेव्हा ओकाबायाशीसान बांधावर येऊन उभे राहिले.

“वहिनी, पंधरा तारखेला शिकार उघडते.”

“दरवर्षी उघडते.”

“यंदा आमच्याकडे कुत्री दोनच. एक बहिरं, दुसरं आळशी.”

“आणि माणसं?”

“माणसंही तशीच, पण त्यांना वास काढायला लावत नाहीत.” मग म्हणाले, “तोमेला न्यावं म्हणतोय.”

“ते नको म्हणालेत.”

“म्हणेलच तो. त्याला वाटतं मी चुगली केली.” मी फांदी वाकवत होते. “मी नाही केली, वहिनी. तुम्हाला तरी पटतं ना?”

“युझू न्या चार,” मी म्हणाले. “यंदा रस बरा आहे.”

चार नाही, दहा दिले. काटा लागून बोट अजून ठणकतं आहे.

नोबुए

१९ नोव्हेंबर

श्री. शिगेहारु यांस,

पंधरा तारखेला पहाटे सगळा डोंगर उठला आणि तुमची लाडकी कुंपणावरून गेली. पाच फुटांचं कुंपण. तुम्ही म्हणाला होतात, याच्यावरून माणूसही जाणार नाही. माणूस नाहीच गेला.

आपल्या गावात प्रत्येक घरी तोच छोटा पांढरा ट्रक आहे हे तुम्ही जाणता. तोमेच्या मते पांढरा ट्रक म्हणजे शिकार. ती आधी टोफूवाल्याच्या मागे चढली. त्याने उतरवलं तर शेती संघाच्या गाडीत. तिथून नर्सबाईंच्या. नर्सबाई तिला घेऊन तीन घरं फिरल्या, तीन म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजून झाल्यावर त्यांना मागे कोणीतरी बसलंय असं कळलं. पोस्टमनची गाडी लाल आहे म्हणून तो वाचला. शेवटी ती ओकाबायाशीसानच्या ट्रकमध्ये सापडली, पुढे तोंड करून, ताठ, देवळाबाहेरच्या दगडी श्वानासारखी. गाडी सुरू करा, एवढंच म्हणायचं बाकी होतं. शिकारीचे पाच म्हातारे माझ्याकडे बघत होते. मी तुमच्या तीन रेघांचा मान राखला. मानेला धरून खाली उतरवलं आणि घरी आणून साखळीला बांधलं.

आता इथून पुढे विनोद नाही.

समोरच्या डोंगरात बार झाला की ती साखळीला हिसके देते. दुसऱ्या दिवशी साखळी चावून वरचा सुळा अर्धा तोडला. तिसऱ्या दिवसापासून पुढचा पाय चाटते आहे, केस गेले, कातडं गेलं, लाल मांस दिसतं. औषध लावलं तर औषध चाटते. पट्टी बांधली तर पट्टी खाते. तिला ओची गावी जनावरांच्या निशिमोरी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, “हिला आजार नाही. हिला काम नाही.”

“हंगाम संपेपर्यंत अशीच ठेवली तर?”

“पाच वर्षांची आहे ना? ऐन भरात आहे. एक हंगाम साखळीवर काढला तर पाय जाईल किंवा डोकं जाईल. पुढच्या वर्षी डोंगर दाखवलात तरी ही ती राहणार नाही.”

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. वन्संनी फोन दिला, म्हणजे कमाल केली. तुम्ही म्हणालात, “चुगलखोराबरोबर माझी कुत्री जाणार नाही.” आणि ठेवलात.

या कुत्रीला तुम्ही स्वतःच्या ताटातला घास देता. तिचा पाय जाईल हे ऐकूनही तुमचा राग तसूभर हलला नाही, तेव्हा मला समजलं की तो हलवणं दुसऱ्या कोणाच्या हातात आहे. पाय रोज थोडा थोडा जातो आहे.

नोबुए

२९ नोव्हेंबर

श्री. शिगेहारु यांस,

हे पत्र बसून वाचा. वन्संना दुसऱ्या खोलीत पाठवा. त्या ऐकतीलच, पण निदान मध्ये एक दार असू द्या.

किल्ली चहाच्या डब्यात असते हे पोलिसांना मी सांगितलं.

जुलैत पोलीस चौकीतले काताओकासाहेब परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी करायला आले, तुम्ही बाहेर गेला होतात. ओसरीच्या कडेला बसले, जवाचा थंड चहा घेतला, मांडीवर कागद.

“दारू?”

“आपल्या कोची प्रांतातला पुरुष आहे. न प्यायला तर डॉक्टरला बोलवावं लागेल.”

“घरात भांडणं?”

“भांडायला माणूस घरी लागतो.”

ते हसले. कागदावर लिहिलं, ‘नाही’. मग ठरलेला प्रश्न, “बंदुकीच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवतात, तुम्हाला माहीत आहे का?”

“चहाच्या डब्यात. त्यांना कधी सापडत नाही, मीच काढून देते.”

त्यांचं पेन थांबलं. भला माणूस आहे हो. म्हणाले, “नोबुएसान, मी पुन्हा विचारतो. तुम्हाला माहीत नाही, असंच ना?” नाही म्हणायला त्यांनी मला अख्खा एक चहा पिऊन होईल एवढा वेळ दिला. आणि मी म्हणाले, “या घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे मला माहीत नाही, असं कागदावर कोणी लिहू नये.”

त्यांनी लिहून घेतलं. त्या कागदावर टोमण्यासाठी वेगळा रकाना नाही.

बोलताना चुकून तोंडातून गेलं, असं एक पत्र मी परवा लिहिलं होतं. ते फाडलं. चुकून गेलेलं नाही. आदल्या दिवशी माझ्या आईचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध होतं आणि तुम्ही तोमेला नर दाखवायला एहिमेला गेला होतात. भिक्षूंनी विचारलं, जावई कुठे आहेत? माझ्या भावजयीनेच उत्तर दिलं, “कुत्रीचं लग्न आहे.” सगळे हसले. मीही हसले. माझा हशा सगळ्यांत मोठा होता. आणि नर काही तोमेला पसंत पडला नाही.

परवाना घालवायचा माझा विचार नव्हता, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मला फक्त हे घर मी चालवते, एवढं कोणीतरी सरकारी शाईने लिहून घ्यायला हवं होतं. ते नेमकं त्याच कागदावर लिहिलं गेलं.

ही झाली पहिली चूक. दुसरी मोठी आहे. तुम्ही ओकाबायाशीसानच्या अंगावर साके ओतलीत तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. माझ्या हातात ताट होतं. ते मी खाली ठेवलं नाही आणि तोंडही उघडलं नाही. त्यानंतर तीन महिने उघडलं नाही.

आता ओकाबायाशीसानकडे तोमेला न पाठवायचं कारण तुमच्याकडे उरलं नाही. माझ्यावर राग काढायचा तर माझ्यावर काढा. मला सुळे फार नाहीत, पण पायही चाटत बसत नाही.

नोबुए

१८ डिसेंबर

श्री. शिगेहारु यांस,

तीन आठवडे झाले. पोस्टकार्ड नाही. तोमेच्या कानांबद्दलसुद्धा चौकशी नाही, म्हणजे राग खरा आहे.

मी तुमच्या उत्तराची पाच दिवस वाट पाहिली. सहाव्या दिवशी ओकाबायाशीसानच्या दारात जाऊन उभी राहिले. चपला न काढता, उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. त्यांची बायको मुळा किसत होती, तिची किसणी थांबली.

ओकाबायाशीसान उठून उंबऱ्यापाशी आले. मग म्हणाले, “सप्टेंबरपासून मला टोफूवाला टोफू देताना तोंड वळवतो.”

“हो.”

“न्हाव्याने विचारलं, कात्री कुठे ठेवतो ते पोलिसांना सांगणार नाही ना?”

“मी न्हाव्याकडे जाऊन सांगते.”

“टोफूवाल्याकडे आधी जा,” त्यांची बायको आतून म्हणाली. “त्याच्याकडे सगळं गाव येतं.”

मी गेले. दोघांकडे. टोफूच्या दुकानात सात बायका होत्या. त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की त्या सातही जणी शिकाऱ्यांच्या बायका आहेत, आणि बाहेर पडताना त्यांतली एक माझ्या कानाला लागून म्हणाली, “आमच्याकडे मिसोच्या बरणीत.”

परत आले तर ओकाबायाशीसान आमच्या अंगणात तोमेचा पाय बघत बसले होते. “माझं तुमच्याशी काय ते मी सावकाश ठरवेन,” म्हणाले. “कुत्रीला शिक्षा नको. रविवारी सोडा.”

रविवारी सोडली. दोन तासांत तिने एकटीने रानडुकराचा एक मोठा नर अडवला, अर्ध्या सुळ्याने. नाकासमोर भुंकून त्याला जागचा हलू दिला नाही, म्हातारे धापा टाकत पोचेपर्यंत. बार झाला, डुक्कर पडलं, आणि मग तोमे कोणाच्या हाताला लागेना. पाच जणांनी पाच परींनी हाका मारल्या. तिने पाचांकडे बघून घेतलं आणि झाडीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आपली आपण घरी आली, मी दारात जाकीट घालून उभी होते तिथे. पुढच्या रविवारीही तेच.

तेव्हा म्हाताऱ्यांची बैठक बसली. कुत्रीला आवरायला मी बरोबर यावं, असं निघालं. पण डोंगराची देवी बायकांचा मत्सर करते, बाई शिकारीत आली की कोप होतो, हे आलं आडवं.

“तोमे कोण आहे?” मी विचारलं.

“कुत्रीचं देवीला चालतं.”

“तसं देवी म्हणाली?”

ओकाबायाशीसाननी कान खाजवला. “देवी म्हणे दिसायला बेताचीच आहे. तिला फक्त देखण्या बायकांचा मत्सर वाटतो.” मग माझ्याकडे एकदा नीट बघून म्हणाले, “वहिनींचं चालेल.”

ही त्यांची शिक्षा, मी समजले. गपचूप घेतली. तर आता मी नारिंगी जाकीट घालून हाकाऱ्यांत आहे. बंदूक नाही, काठी आहे. तुमच्या जाकिटावरच चढवलं आहे ते. वेगळं घातलं तर बाईसाहेब जेवत नाहीत.

पाय भरत आला आहे. केस यायला वेळ लागेल.

नोबुए

२१ जानेवारी

श्री. शिगेहारु यांस,

ओकाबायाशीसानना तुमचं पत्र आलं, ते त्यांनी मला दाखवलं. आठ ओळींची माफी, वळणदार अक्षरात, ब्रशने. सत्तावीस वर्षांत तुम्ही ब्रश हातात धरलेला मी पाहिला नव्हता. मला काही नाही. ठीक आहे. माफी मागायचं माझं काम आहे, तुमचं नाही, हा हिशोब बरोबर असेल. पण एक रिकामं पोस्टकार्ड तरी टाकायचंत. ते मी कसंही वाचलं असतं.

तोमेची बातमी दुसऱ्या कोणी कळवण्याआधी मी कळवते. अकरा तारखेला तिला लागलं. घळीत डुकराची मादी होती, मागे पिल्लं. तोमेने अडवलं, पण पाय घसरला आणि बरगड्यांवर वीतभर फाडलं. मी तिथे सगळ्यांत आधी पोचले, कारण बाकीच्यांचे गुडघे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत. मादी निघून गेली. तोमे उभी होती, बसायला तयार नव्हती. काम संपलं असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला तुमची हाक येत नाही. मी म्हणाले, “पुरे, आता घरी.” जेवायला बोलावताना म्हणते तसं. तेव्हा बसली.

ओकाबायाशीसाननी तिथेच दारू ओतून नऊ टाके घातले. मी तिचं डोकं काखेत धरून ठेवलं होतं. तिने माझं मनगट तोंडात घेतलं, प्रत्येक टाक्याला दात टेकवले आणि एकदाही चावली नाही. खुणा दोन दिवस होत्या.

संध्याकाळी मांसाचे वाटे झाले. आदल्या डुकराचं होतं. दरवर्षीसारखा कुत्र्याचा वाटा एका माणसाएवढा. यंदा दारात दोन वाटे आले. मी म्हणाले, चुकलात, तोमेचा एकच. म्हणाले, दुसरा हाकाऱ्याचा.

सत्तावीस वर्षं मी ते मांस शिजवत आले. माझ्या नावाचं पहिल्यांदाच शिजवलं. चव तीच आहे. थोडं चिवट होतं.

नोबुए

२५ फेब्रुवारी

श्री. शिगेहारु यांस,

तुमचं पत्र मिळालं. पत्र, पोस्टकार्ड नव्हे. दोन पानं. पहिल्या पानावर माझं नाव आहे. मी दोनदा बघितलं.

त्यात माझ्यावर तुमचा जेवढा राग आहे तो सगळा रास्त आहे, एका वाक्याखेरीज. ‘तुला घरातलं सगळं माहीत असतं, मग मला ते घर सोडवत नव्हतं हे कसं माहीत नव्हतं?’ असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर मी देणार नाही. किल्लीसारखी वस्तू असती तर सापडली असती.

आता दुसरं पान. वन्संच्या ओळखीने तळमजल्याची खोली मिळाली, तिथे कुत्रं चालतं, आणि आठ मार्चला तुम्ही तोमेला न्यायला येताय. खोलीला सहा हात अंगण आहे असं लिहिलंत, वर ‘पुरेसं’ असा शेरा. कोणाला पुरेसं? वन्संच्या कुंड्यांना? अमागासाकीत पांढऱ्या गाड्या किती आहेत याचा अंदाज आहे का तुम्हाला? ती पहिल्या दिवशी ओसाकापर्यंत जाईल.

तुमच्या शब्दाखातर मी हिला एकदा साखळीला बांधलं. पायावरचे केस अजून पांढरेच उगवतायत. दुसऱ्यांदा बांधणार नाही. तुम्ही या. कुत्री तुमची आहे, कागद तुमच्या नावावर आहेत, हे मला मान्य आहे. पण तिला नेण्याबद्दल माझ्याशी बोलू नका, तिच्याशी बोला. नवा परवाना मिळायला वर्षं लागतील, तोवर डोंगरात काय तोंड दाखवू, हेही तुम्ही लिहिलंत. मी ज्या तोंडाने टोफूच्या दुकानात गेले त्याच्याहून तुमचं बरंच बरं आहे. आणि हाकाऱ्याला परवाना लागत नाही. काठी मी देईन.

नोबुए

८ मार्च, सकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर

पावणेअकराच्या बसने आलात तर दार उघडंच आहे. आम्ही डोंगरात गेलो. हंगामाचा शेवटचा रविवार आहे, तुमच्यासाठी चुकवणं तिला पटलं नसतं आणि मलाही पटलं नाही. घळीच्या बाजूने भुंकणं ऐकू आलं तर धावत येऊ नका, तुमच्या पायात शहरातले बूट असतील.

आम्ही दोघी चारच्या सुमारास दमून येऊ. भात लावून ठेवा. पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. दुसऱ्या नाही.